कारभाऱ्याचं आसन आणि खालची पायरी

कुठल्याशा काळी, कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. तिथे रयतेची बाजू मांडायला गावं आपल्यातलाच एक माणूस निवडून दरबारात पाठवत. त्याला रयतेचा कारभारी म्हणत आणि त्याचं आसन राजाच्या उजव्या हाताला असे. ज्याला आपल्या धंद्यापाण्यासाठी काही मागायचं असेल, त्यानं मात्र दाराजवळच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं, मग तो कितीही मोठा शेठ असो. आसनावरून बोलणारा सगळ्यांसाठी बोलतो आणि पायरीवरून बोलणारा स्वतःसाठी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत असे.

आपल्या गोष्टीतला कारभारी आमराईच्या गावचा. तो तरुण असताना आमराईला लागूनच वीटभट्ट्या पेटल्या. धुरानं कैऱ्यांची बुडं काळी पडली आणि आंबा पिकायच्या आधीच सडून गळू लागला. तेव्हा हा पठ्ठ्या तसल्या कैऱ्या उपरण्यात बांधून दरबारात गेला आणि पायरीवरून असा काही बोलला, की थोरल्या राजांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. यापुढे भट्ट्या टेकडीपलीकडे. पुढे गावांनी त्यालाच कारभारी निवडलं, आणि केस पांढरे होईपर्यंत तोच निवडून येत राहिला.

दरसाल आंब्याला पाड लागला की पहिली पाटी त्याच्या घरी येई. ती घेऊन येई चंद्राक्का. ती आमराईची राखण करायची, जिभेनं तिखट आणि मनानं सरळ बाई. पाटी ओट्यावर ठेवून ती म्हणायची, "खावा कारभारी. तुमच्यामुळं पिकलाय."

वय झालं तसं कारभाऱ्यानं काम सोडलं. गावांनी नवा, तरुण माणूस निवडला. थोरल्या राजांमागे गादीवर आलेला राजाही तरुणच होता, आणि कारभाऱ्याच्या मांडीवर खेळून मोठा झालेला. तो म्हणाला, "काका, नव्या कारभाऱ्याला डावीकडे बसवू. तुमचं आसन आहे तिथेच राहील."

मान राहिला, पण काम गेलं. कालपर्यंत दारात चपलांचा ढीग असे, आता कुत्रंही फिरकेना. दिवस खायला उठू लागला. अशा एका दुपारी भट्टीवाल्यांचा शेठ आला.

"कारभारी, तुमच्यासारख्यानं अंगणात माशा मारत बसावं, हे काही बरं दिसत नाही," शेठ म्हणाला. "टेकडीपलीकडून विटा वाहून आमच्या बैलांची हाडं निघाली. आमच्या वतीनं राजांच्या कानावर चार शब्द घाला. दुमजली घर, मेणा, नोकरचाकर, सगळं आमच्याकडे लागलं."

"आणि आमराई?"

"आमराई कुठे पळून जातेय? आता आम्ही धुराडी उंच बांधतो. धूर जातो वर, आभाळात."

धूर आभाळात राहत नाही, हे कारभाऱ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दारात मेणा उभा राहणार म्हटल्यावर त्यानं ते थोडं विसरून पाहिलं, आणि विसरणं जमलं.

दरबारच्या दिवशी तो गेला तो खरोखरच पायरीकडे. त्याला रीत माहीत होती. एक पाय पायरीवर टेकलाही. तेवढ्यात राजाचं लक्ष गेलं.

"काका, तिथे कुठे उभे राहता? या, बसा ना."

'आज मी भट्टीवाल्यांसाठी आलोय,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या घशापर्यंत आलंही. पण सगळा दरबार अदबीनं उठून उभा राहिला होता, आसन ओळखीचं होतं, गुडघेही दुखत होते. तो वर जाऊन बसला. आपण काही खोटं बोललो नाही, फक्त बसलो, असं त्यानं मनाला समजावलं. माणूस स्वतःची समजूत किती चटकन घालतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग तो म्हणाला, "महाराज, तो हुकूम आता जुना झाला. नव्या धुराड्यांचा धूर आमराईला लागत नाही."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालंच," राजा म्हणाला.

हिवाळा सरायच्या आत आमराईला लागून भट्ट्या पेटल्या. कारभारी दुमजली घरात राहायला गेला. उन्हाळा आला, पण आंब्यांची पाटी काही आली नाही. आली ती चंद्राक्का, मागे निम्मं गाव घेऊन. तिनं पदर सोडला आणि फरशीवर काळ्या बुडाचे आंबे घरंगळले.

"कारभारी, कुन्या मेल्यानं राजांचे कान भरले, कळंना," ती म्हणाली. "नव्या कारभाऱ्यानं सांगून पाह्यलं. मान खाली घालून परत आला. कोन आडवं आलं, त्ये बी सांगंना. आता तुमीच चला. तुमच्याबिगर आमचं हाय कोन?"

कारभाऱ्यानं वाकून एक आंबा उचलला. नाही कसं म्हणणार? तो त्यांच्यासोबत निघाला, आणि सवयीनं पुन्हा आसनावर जाऊन बसला. तो आंबा हातात धरून तो बोलला. अगदी तरुणपणी बोलला होता तसंच, आणि या वेळी शब्द न् शब्द खरा होता.

राजानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो बुचकळ्यात पडला होता.

"पण काका," तो म्हणाला, "मागच्या खेपेला याच आसनावरून तुम्हीच म्हणालात ना, की धूर लागत नाही म्हणून? मग तेव्हाचं खरं, की आत्ताचं?"

चंद्राक्का आधी राजाकडे आणि मग कारभाऱ्याकडे बघत राहिली.

कारभारी उठला. गुडघ्यावर हात ठेवत खाली उतरला आणि दाराजवळच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "मागच्या खेपेला मी इथे उभं राहायला हवं होतं," तो म्हणाला.

राजा म्हणाला, "चूक माझीही आहे. मी आमराई पाहायला गेलो नाही, धुराडी पाहिली नाहीत. आसनावर कोण बसलंय, एवढंच पाहिलं." त्यानं जुना हुकूम पुन्हा लागू केला. भट्ट्या विझल्या. ज्याच्या शब्दाला दरबारात वजन उरलं नाही त्याचं शेठला काय काम? मेणा गेला, दुमजली घर गेलं, आणि कारभारी आपल्या जुन्या ओट्यावर येऊन बसला.

पुढच्या साली मोहोर चांगला धरला. एका सकाळी डोक्यावर पाटी घेतलेली चंद्राक्का रस्त्यानं येताना दिसली, आणि मागोमाग पिकल्या आंब्याचा वास आला. कारभारी लगबगीनं उठला. पाटी ठेवायला जागा हवी, म्हणून त्यानं ओट्यावरचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

चंद्राक्का दारापाशी थांबली. "रामराम कारभारी. गुडघा बरा हाय का?"

"बरा आहे."

"जपा," ती म्हणाली, आणि पाटी सावरत नव्या कारभाऱ्याच्या घराकडे वळली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी बोलायचं, त्याचं नाव आधी सांगावं. लोकांनी दिलेल्या आसनावरून दुसऱ्याचं काम केलं, की पुढे खरं बोललं तरी ते कुणाला खरं वाटत नाही.