अर्ध्या गाण्याचा कंदील

एका बंदराच्या गावात द्वारकाबाई नावाची एक व्यापाऱ्याची बायको राहायची. बाई मोठी हौशी, पण उतावळी. नवं काही हाती घ्यायची आणि शेजारणींनी वाहवा केली की उरलेलं तसंच टाकायची.

त्या दिवाळीत दूरच्या एका बेटाचं जहाज बंदराला लागलं होतं. त्यावर इलुमा नावाची म्हातारी होती. या बंदरात ये-जा करून तिला मराठी बरं यायचं. द्वारकाबाईने तिला घरी बोलावलं. म्हणाली, "आमच्या लेकीला, छबूला, सुट्टी आहे. तुमच्याकडचा कंदील शिकवा तिला. त्या निमित्ताने तुमची भाषाही कानावर पडेल."

इलुमा ओसरीवर बसली. तिच्या बेटावर कंदील मुक्याने करत नसत. कागदाच्या प्रत्येक घडीला गाण्याची एक ओळ. गाणं होतं समुद्रात बुडालेल्यांसाठी: या, उजेडाला बसा, ऊब घ्या. छबूची जीभ चटकन वळली. होडीसारखा कंदील झाला, आणि तो बघायला सारी आळी लोटली.

"आता निरोपाचं गाणं," इलुमा म्हणाली. "ते म्हणत कंदील पाण्यात सोडायचा."

"इतका देखणा कंदील पाण्यात?" द्वारकाबाई हसली. "दारावर राहू दे. ते गाणं पुढच्या खेपेला शिकू."

"बाई, बोलावणं केलंत आणि निरोप नको?" एवढंच बोलून म्हातारी उठली. दरवर्षी गौरींना निरोप देताना डोळे पुसणाऱ्या द्वारकाबाईला त्यातलं काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ओसरीवर ओली पावलं उमटली. एवढीशी, छबूच्या वयाच्या मुलीची. ती आत आली होती, बाहेर गेली नव्हती. पुसली तरी पुन्हा उमटत. घरातल्या करंज्याही खारट लागू लागल्या. छबू कंदिलाखाली बसून कुणाशी तरी त्या परक्या भाषेत बोले. इलुमाने न शिकवलेले शब्दही तिच्या तोंडी येत. आईने हाक मारली तर वळूनही बघत नसे. मग एका संध्याकाळी ती मराठीत बोलली, "तिला एकटीला थंडी वाजते. मी तिच्या घरी जाते."

द्वारकाबाई होती तशी उठली. ती धक्क्यावर धावली. जहाजाची शिडं चढत होती. तिने म्हातारीचे पाय धरले. "माझी पोर चालली हो! ते गाणं शिकवा मला."

"शिकवते. पण एक ओळही गाळायची नाही."

द्वारकाबाईची जीभ वळेना. एरवी तिने नाद सोडला असता. आज रडत रडत घोकत राहिली, शेवटची ओळ येईपर्यंत.

घरी आली तर ओसरी रिकामी. ओली पावलं आता बाहेर गेली होती, आणि ती दोघींची होती. कंदील उतरवून ती किनाऱ्याकडे पळाली. छबू कमरेइतक्या पाण्यात पुढे चालली होती. कुणाचा तरी हात धरावा तशी तिची मूठ मिटलेली होती.

द्वारकाबाईने कंदील पाण्यात सोडला आणि अख्खं गाणं म्हटलं. वारा पडलेला होता. तरी कंदील लाटांच्या उलट दिशेने, समुद्राकडे निघाला. छबूची मूठ हळूच उघडली.

"आई," ती म्हणाली, "ती गेली गं. केव्हाची वाट बघत होती, कुणी 'ये आता' म्हणून निरोप देईल याची."

द्वारकाबाईच्या घरी पुढेही दर दिवाळीला तसा कंदील झाला. पण निरोपाचं गाणं पाठ झाल्याशिवाय तिने कुणाला कागदाला हात लावू दिला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याची रीत शिकायची तर शेवटपर्यंत शिकावी. मिरवण्यापुरती उचललेली अर्धी विद्या आपल्याच घरावर उलटते.