यसबा गवळ्याचा पांढरा पंजा

फार फार वर्षांपूर्वी वेळुंड्याच्या माळावर गवत तोकडे होते. म्हणून कोणती कालवड राखायची आणि कोणती वेशीबाहेर द्यायची, हे यसबा गवळी ठरवीत असे. डोळे मिटून तो तिच्या अंगावरून पंजा फिरवी. पुढून निमुळती, मागून रुंद, कातडी सैल, पोटाखालची दुधाची शीर ठसठशीत आणि नागमोडी, अशी जी लागे ती दुधाळ निघे. त्याच्या पंजाला कातडीआडचे दूध ऐकू येई, असे म्हणतात.

एका वर्षी त्याच्या विधवा सुनेची, गोदाईची, कालवड त्याच्यापुढे आली. काळीभोर, मान जाड, मागून अरुंद, शीर तर दोऱ्याएवढी. माहेरून मिळालेले गोदाईचे तेवढेच एक धन होते. यसबाने पंजा फिरवला आणि नकारार्थी मान हलवली. घरच्या कालवडीला सूट दिली, तर उद्या आपला निवाडा कोण मानील?

“मामंजी, एकदा विऊ तरी द्या तिला.”

“अंग खोटे बोलत नाही, पोरी.”

गोदाईने वाद घातला नाही. कालवडीचे दावे धरून तीही ओढ्यापलीकडे राहायला गेली. यसबाच्या घरी चूल पेटे, पण घास गोड लागेना.

पुढे ती कालवड व्याली आणि काळी गाय चरवीमागून चरवी भरते, अशी वार्ता ओढा ओलांडून आली. पंजाला म्हातारपण आले का, असे लोक यसबाला हसत विचारू लागले. अखेर तो स्वतः गेला. त्याने डोळे मिटून गाय चाचपली.

“माझा हात अजून नाहीच म्हणतो.”

“मग हाताला म्हणावं, चरवी धर,” गोदाई म्हणाली.

तो दोहायला बसला. चरवी भरली, सांडली, ओढ्याचे पाणी पांढरे झाले, तरी कास रिती होईना, असे म्हणतात. दुधाने भिजलेला पंजा त्याने गायीच्या कुशीवर टेकला.

“अंग बहुधा खरे सांगते. मी ते नेहमीच खरे धरून बसलो. घरी चल, पोरी.”

पंजा उचलला, तेव्हा काळ्या कुशीवर पांढरा ठसा उरला होता. तो पुढे कुठल्याच पावसाने धुतला नाही.

वेळुंड्यात आजही कालवडी चाचपतात आणि हाताचा कौल बहुधा खराच ठरतो. पण पहिले वेत होईपर्यंत एकही कालवड वेशीबाहेर जात नाही. ती व्याली, की धनी पहिली धार तळहातावर घेतो, तिच्या कुशीवर पंजा उमटवतो आणि मगच चरवी धरतो. ती भरेपर्यंत त्या गायीविषयी कोणी अवाक्षरही काढीत नाही.