खाडीपलीकडचा प्रसाद

अहंकाराला दुसऱ्या कोणी ओवाळायची गरज नसते. तो स्वतःच ओवाळून घेतो. अणुवीज प्रकल्पाशेजारच्या शिरवणेबंदरात आपत्ती-अधिकारी दाणीसाहेब होडीने उतरले, ते याच थाटात. देवळाच्या सभामंडपात त्यांनी सांगितले, "किरणोत्साराची गळती झाली तर भोंगा वाजेल. दारे लावून घरात बसा. त्यापासून बचावाच्या आयोडीनच्या गोळ्या पोहोचवल्या जातील. मात्र त्या वेळेवर घेतल्या तरच उपयोग."

"गोळ्या आहेत कुठं, साहेब?" द्वारकाकाकूंनी विचारले. देवाची पूजा आणि दोन पोरकी नातवंडे, दोन्ही त्यांच्याच पदरी होती.

"खाडीपलीकडे, माझ्या कचेरीत, कुलुपात."

"मग गावातच ठेवा की."

"तुमची पोरं बत्तासे म्हणून खातील. योजना तज्ज्ञांनी आखली आहे, काकू. तुम्ही टाळ कुटा."

दुपारी साहेबांना प्रसादासाठी मानाचा पाट मिळाला. रांगोळी काढली, पान मांडले. वाढायला मात्र कोणी येईना. देव भावावर तृप्त होतो, अधिकारी होत नाहीत.

"काकू, जेवण कुठं आहे?"

"तयार आहे, साहेब. खाडीपलीकडे, माझ्या बहिणीकडे, कुलुपात. इथं ठेवलं असतं तर तुम्ही वेळेआधीच संपवलं असतं. आता ओहोटी आहे, होडी चालत नाही. पण घाबरू नका. दारं लावून बसा, पोहोचवलं जाईल."

भरती येईपर्यंत साहेबांना योजना पोटातून कळली. संध्याकाळच्या होडीने भात आला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या होडीने गोळ्या आल्या.

आज त्या गोळ्या देवळाच्या कपाटात, बत्ताशांच्या डब्याशेजारी आहेत. बत्तासे दर गुरुवारी संपतात. गोळ्यांना अजून कोणी हात लावलेला नाही.