धनगरवाड्यावरचे पेनहॅलो

या धनगरवाड्यावर चार घरं, आणि चारही दारांवर एकच आडनाव: पेनहॅलो. हसा पाहुणे, खुशाल हसा. मतदारयादी करायला आलेले मास्तरही हसले होते. पण आधी वडाखालच्या त्या उभ्या दगडाला हात जोडा आणि मग बसा.

फार जुनी गोष्ट. या घाटात डोंगर मोजायला एक गोरा साहेब आला होता, असं सांगतात. त्याचं आडनाव पेनहॅलो. त्याच्या मुलखातही या नावाचं एकच घर, आणि त्या घरातला हा शेवटचा. ना बायको, ना पोर. धुळा झोऱ्याच्या झोपडीत तो रोज ताक प्यायला यायचा.

धुळ्याची बायको ठकू. तिची तीन पोरं वर्षाच्या आत गेली होती. चौथं झालं तेव्हा बाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पोर जगत नसेल तर ते दुसऱ्याला देऊन टाकायचं, म्हणजे सटवाईला माग लागत नाही. पाच वर्षांनी परत घ्यायचं, अशी आमची रीत. पण वाड्यावर सगळेच झोरे, द्यायचं कुणाला? ठकूनं पोर सुपात घातलं आणि थेट साहेबाच्या तंबूपुढं ठेवलं.

"सायबा, ह्ये तुमचं. माझं न्हवं."

साहेब गडबडलाच! पण धुळ्यानं रीत समजावली तसं त्यानं पोराचं मोल म्हणून मूठभर नाचणी ठकूच्या पदरात टाकली, पोर उचललं आणि त्याला आपलं नाव दिलं.

पाचवीच्या दिवशी वाड्यात ताप शिरला. तो म्हणे पेनहॅलोचं घर विचारत आला, आणि लेकाऐवजी बापालाच घेऊन गेला. पोराचं अंगही तापलं नाही. धुळ्यानं साहेबाला वडाखाली पुरून वर दगड रोवला.

पाच वर्षं सरली. भावकी बसली. थोरला दीर म्हणाला, "ठके, पोर परत घे. त्याला झोरे लाव, न्हाईतर तुमचं पाणी बंद."

ठकू दिरापुढं कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी मात्र उभी राहिली.

"माझं पोर जगलं त्याच्या जिवावर, भावजी. त्याला ह्ये एकच लेकरू. त्ये काढून घिऊन मेलेल्या माणसाला निपुत्रिक करू? माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

भावकीनं वाळीत टाकलं. बाई हटली नाही. पोराच्या लग्नातही तिनं तेच नाव सांगितलं. झोरे पुढं वाडा सोडून गेले; ही चार घरं त्या पोराच्याच वंशाची.

आजही पितृपंधरवड्यात चारी घरची पानं त्या दगडापाशी वाढतात. घरातली थोरली सून हात जोडून म्हणते, "जेवा, आजोबा. तुमचीच माणसं हाईत."