बोनसचा विमा

इचलकरंजीत पुष्पलता मगदूम यांच्या विमा एजन्सीत येऊन कंपनीचे बडे साहेब खानविलकर फर्मान सोडत होते, “मोठं ऑफिस घ्या, चार माणसं ठेवा. कंपनीकडून तुम्हाला वर्षअखेरचा बोनस येतोच की, त्यातून पगार भागतील! जमत नसेल, तर एजन्सी दुसऱ्याला देऊ.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या हसून म्हणाल्या, “घेते की. फक्त त्या बोनसचा विमा उतरवा. नाही आला, तर कंपनीनं भरपाई द्यायची. हप्ता आत्ता भरते.”

साहेब उसळले, “अहो, पूर आला, क्लेम वाढले की बोनस गेला! असल्या बेभरवशाच्या गोष्टीचा विमा कोण उतरवेल?”

“मग एजन्सी खुशाल न्या, साहेब. जी जोखीम तुमची एवढी मोठी कंपनी घेत नाही, तिच्यावर चार घरांच्या चुली मी पेटवणार नाही!”