धारवाला आणि लाल गाडी

घाटाखालच्या एका गावात हैबती नावाचा एक धारवाला राहत होता. विळी, कोयता, कात्री, जे बोथट होईल त्याला तो धार लावून देई. त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. वाडीत पोचला की तो ती स्टँडवर चढवी, मागच्या चाकावरून धारेच्या दगडाला पट्टा जोडी आणि गाडी चालू करी. चाक फिरे तसा दगड फिरे. गाडीचा मूळ रंग कोणता, हे खुद्द हैबतीलाही सांगता आलं नसतं. चार किका मारल्याशिवाय ती चालू होत नसे. आणि चालू झाली की असा फटफटाट करी, की ओढ्यापलीकडच्या बायकांनाही कळे, धारवाला आला.

तालुक्याच्या रस्त्यावर गाड्यांचं एक दुकान होतं. तिथे काचेआड एक लाल गाडी उभी होती. हैबतीचा जीव तिच्यावर जडला. दर गुरुवारी वडाचीवाडीला जाताना तो काचेसमोर थांबे आणि उन्हात उभा राहून तिच्याकडे पाही. आत जायचा धीर होत नसे. घरी जेवताना घास हातातच राही.

"शेवंता, त्या गाडीवर बसलेल्याला लोक साहेब म्हणत असतील," तो बायकोला म्हणे.

"म्हणूद्यात की. तुमाला कालवण वाढू का?" शेवंता विचारी.

कालवणाने भागणारी भूक नव्हती ती. झोपेतही त्याला लाल रंग दिसे. आपल्याला एकदा, एकदाच कुणीतरी साहेब म्हणावं, असं त्याला फार फार वाटे.

दसरा जवळ आला तसा त्याने मनाचा हिय्या केला. एका गुरुवारी तो दुकानात शिरलाच. मालक हसून म्हणाला, "तुमची जुनी आम्ही ठेवून घेऊ. भंगारातच जाईल, पण घेऊ. आधी हिच्यावर एक चक्कर मारून या."

भंगार हा शब्द हैबतीला टोचला. पण लाल गाडीची किल्ली हातात आली होती. त्याने हेल्मेट घातलं आणि गाडी थेट वडाचीवाडीकडे वळवली. सगळ्या वाडीने आपल्याला बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. धार लावलेली सुरी लोण्यातून जावी तशी गाडी चालली होती. आवाज म्हणून नाही.

ओढा आला, गेला. एकही बाई दारात आली नाही. रस्त्यातला एक माणूस मात्र अदबीने बाजूला झाला. हैबतीची छाती फुगली.

पुढे वाडीतली म्हातारी गोजराक्का आपल्या पायरीवर बसली होती. मांडीवर विळी होती. हैबतीने ऐटीत तिच्यासमोर गाडी थांबवली. म्हातारीने कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"अवो साहेब," ती म्हणाली, "वाटंत आमचा हैबती दिसला का वो?"

हैबतीने हेल्मेटच्या आतूनच विचारलं, "कोण हैबती?"

"धारवाला. गुरवार कधी चुकवत न्हाई. आज गाडीचा आवाजच न्हाई त्येच्या. आजारी-बिजारी पडलं का काय लेकरू? कोहळा चिरायचाय, सकाळधरनं बसलीया मी."

ज्या शब्दासाठी तो इतका झुरला, तो शब्द मिळाला होता. आणि तो त्याला अजिबात गोड लागला नाही. एरवी हीच म्हातारी त्याला "हैबत्या मेल्या" म्हणून हाक मारी आणि पाणी पाजल्याशिवाय सोडत नसे. आज तो साहेब झाला होता आणि 'आमचा' दुसराच कुणी होता.

हेल्मेट काढून 'मीच तो' म्हणावं असं त्याला वाटलं. पण काढून करणार काय? ना दगड होता, ना पट्टा. तिच्या विळीसाठी त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"येतोय तो," हैबती कसाबसा म्हणाला. "मागनंच येतोय."

दुकानात परत येऊन त्याने किल्ली मालकाच्या हातात दिली. लाल टाकीवरून एकदा हात फिरवला.

"लई गुणाची गाडी हाय, मालक. पर माझी माणसं हिला वळखत न्हाईत."

मग त्याने जुन्या गाडीला चार किका मारल्या. फटफटाट करत तो ओढ्यापाशी आला, तेव्हा गोजराक्का विळी घेऊन रस्त्यात उभीच होती.

"हैबत्या मेल्या, किती वाट बघायची रं?"

हैबतीने त्या दिवशी विळीला जरा जास्तच वेळ धार लावली. डोळे का पाणावले, असं म्हातारीने विचारलं, तर दगडाची धूळ गेली म्हणाला.

दसऱ्याला लाल गाडी कुणीतरी झेंडूचा हार घालून घेऊन गेलं. पुढच्या गुरुवारी काचेआड रिकामी जागा पाहून हैबतीने गाडी हळू केली. तो क्षणभर थांबला. मग त्याने गाडी वाडीच्या रस्त्याला लावली, कारण ओढ्यापलीकडे विळ्या घेऊन बायका कान देऊन बसल्या होत्या.

तात्पर्य: समाधानी माणसाचीही हौस मरत नाही, पण ज्याच्या आवाजावर आपली माणसं दारं उघडतात, ते तो हौसेपायी देऊन टाकत नाही.