हैबतरावांचा निळा गाल

महाराजांच्या मेहुण्याला भर बाजारात थोबाडीत बसली आणि करंजगडच्या दरबारात राज्य बुडाल्यासारखी धावपळ उडाली.

तसा गुन्हा किरकोळच. दुसऱ्या कुणाला बसली असती तर पाटलानं चावडीवर दोघांना दटावून घरी पाठवलं असतं. पण गाल पडला हैबतरावांचा, म्हणजे राणीसाहेबांच्या धाकट्या भावाचा. राणीसाहेबांनी कालपासून अन्न सोडलं होतं, निदान महाराजांसमोर तरी. तेव्हा मारणाऱ्या म्हाळसा रंगारणीची गाढवावरून धिंड काढायची आणि तिला हद्दपार करायचं, हे महाराजांनी खटला ऐकण्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. न्याय असा झटपट असावा.

म्हाळसा दरबारात उभी होती. हात कोपरापर्यंत निळे, डाव्या मनगटात पिळाचा पितळी गोठ. धिंडीचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. गाढव काय, कुणालाही पाठीवर घेतं. तिचा जीव अडकला होता तो निळीच्या रांजणात. सासूनं जमिनीत पुरलेला तो रांजण तिनं रोज ढवळून, आंबवून जिवंत ठेवला होता. हद्दपार झाली तर तो काही डोक्यावर घेऊन जाता येणार नव्हता. तो मेला की तिची चूलही विझणार होती, आणि त्याची तिला खरोखर भीती वाटत होती.

हैबतराव पुढे आले. डाव्या गालावर पाच निळी बोटं ठसठशीत उमटलेली, उजव्या हाताचा पंजा शेल्यात गुंडाळलेला. धक्क्यानं मुरगळला म्हणे.

"मी आपला दारात उभा राहून रंगकाम पाहत होतो," ते म्हणाले. "या बाईनं उगाच मारलं."

साक्षीला अर्धा बाजार हजर होता. अर्ध्या बाजारानं काय पाहिलं? आवाज झाला, माना वळल्या, तर म्हाळसेचा हात हवेत आणि हैबतराव भिंतीला. आवाजाच्या आधी काय घडलं ते कुणीच पाहिलं नव्हतं, पण साक्ष द्यायला तेवढं आड येत नाही.

"शास्त्रीबुवा, हिला बचावाच्या वाटा सांगा," महाराज म्हणाले. "उगाच आम्ही अन्याय केला असं नको व्हायला."

दरबारच्या न्यायशास्त्र्यांनी घसा साफ केला. "पहिली वाट, मी मारलंच नाही असं म्हणावं."

"गालावर पंजा आहे. बंद."

"दुसरी, चुकून लागलं."

"चुकून पाची बोटं? बंद."

"तिसरी, समोरच्यानं आधी अंगावर हात टाकला, म्हणून स्वतःला वाचवायला मारलं."

"आमच्या मेहुण्याविरुद्ध इथं एक शब्द निघाला तर जीभ छाटीन. बंद."

"चौथी, पाय धरून माफी."

"राणीसाहेब ऐकायच्या नाहीत. बंद."

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. "मग आरोपी मोकळी आहे, महाराज. हवा तो बचाव करू शकते."

"चारी दारं लावून 'या, बसा' म्हणायची रीत लई चांगली हाय, सरकार," म्हाळसा म्हणाली.

"फार बोलतेस. सुटून दाखव म्हणजे झालं."

म्हाळसेची नजर शेल्यातल्या हातावर गेली. रांजणातली ताजी नीळ हाताला लागते तेव्हा हिरवट दिसते, पुसली की गेलीशी वाटते. वारा लागला की मात्र निळी होते, आणि मग शिकेकाई घासा नाहीतर वीट घासा, ती काही हलत नाही. मुरगळलेला हात कुणी नुसता तळव्यापुरता झाकत नाही, हेही तिनं पाहिलं.

"मला काय बी बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "मारलं ते मीच. फिर्यादीनं फकस्त बेलभंडारा उचलावा आणि हिनं उगाच मारलं असं देवाची आण घेऊन सांगावं. मी आपल्या पायानं हद्दीबाहेर जाते."

महाराज खूश झाले. खंडोबाचा बेल आणि भंडारा तबकात आला. हैबतरावांनी ऐटीत डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं शपथ होत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "उजवा, आणि तळवा उघडा."

हैबतराव महाराजांकडे पाहू लागले. महाराजांनी भुवई उंचावली. शेला सुटला. तळवा गर्द निळा होता आणि त्याच्या मधोमध एक पांढरा, पिळाचा पट्टा आडवा गेला होता.

हैबतराव म्हणाले, "मी... कापड चाचपून पाहत होतो."

"व्हय की, सरकार," म्हाळसा लगेच म्हणाली. "म्या कुठं न्हाई म्हणतेय? मेहुणेसायबांइरुद्ध मी शबुद काढायची न्हाई. कापडालाच आजकाल पितळी गोठ घालत असत्याल."

महाराजांची नजर निळ्या तळव्यावरून तिच्या मनगटाकडे गेली आणि परत आली. पण माणूस हट्टी. "नुसत्या पट्ट्यानं काय सिद्ध होतं? जुळवून पाहिलं पाहिजे."

"बघा की," म्हाळसा म्हणाली. तिनं हैबतरावांसमोर जाऊन डावं मनगट पुढे धरलं आणि उजवा हात सैल सोडला. "धरा, मेहुणेसायब. काल धरलंवतं का न्हाई, ते मी सांगत न्हाई. आज समद्यांम्होरं धरून दावा, म्हंजे झालं."

हैबतरावांनी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि झटकन दोन्ही हातांनी आपले दोन्ही गाल झाकून घेतले.

महाराज आधी खोकले, मग मिशीत हसले, आणि मग त्यांना आवरेना. सिंहासनाचा हात धरून ते इतके हसले की शास्त्रीबुवांनाही हसण्याची परवानगी मिळाल्यासारखं झालं.

"सुटलीस, बाई!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "यापुढे दरबारची सगळी पागोटी तुझ्याच रांजणात रंगतील. आणि गाठोडी तुझ्याकडे पोचवायला हैबतराव येतील, स्वतः, पायी."

म्हाळसेनं पदर सावरला आणि मुजरा केला.

"येऊ द्यात की, सरकार. फकस्त गाठुडं उंबऱ्याभाईर ठिवाया सांगा."